बायकोच्या पेशींना जेवायला काय

बायको जाऊन दोन वर्षं झाली. भेटायला येणारी माणसं अजून म्हणतात, आठवणी राहतात हो मागं. आठवणींचं मला सांगू नका. माझ्या बायकोचं आठवणींपेक्षा बरंच काही मागं राहिलंय. ते बाटलीत राहतं, वाढतं आणि त्याला भूक लागते. कितीतरी वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्याला जेवू घालायचं काम माझ्याकडं होतं.

हे कुणाला सांगितलं की तो माणूस माझ्या लेकीकडं बघतो, म्हाताऱ्याला डॉक्टरला दाखवलं का म्हणून. म्हणून लिहूनच काढतो. शाळा चौथीपर्यंत झाली, पण अक्षर बरं आहे. बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहून लिहून सुधारलं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. इंदिरानगरात तेव्हा निम्मे प्लॉट मोकळे होते. तिथल्या एका बंगल्यात एका मोठ्या डॉक्टरांनी रक्त तपासायची प्रयोगशाळा काढली होती. खाली तपासणी, वर संशोधन. मी दोन्हीकडचा शिपाई. काचेची भांडी धुवायची, ती कुकरच्या थोरल्या भावासारख्या यंत्रात वाफवायची, गॅसचं नळकांडं बदलायचं आणि वरच्या मॅडम सांगतील ते करायचं. मॅडम विदर्भातल्या, तिशीच्या, लग्न न केलेल्या. दिवसभर भिंगातून बघून डोळ्यांभोवती दोन गोल उमटलेले. मला मामा म्हणायच्या. खालचे लोक मला नुसती हाक मारायचे तेव्हा ही बाई मामा म्हणते, म्हणून तिची भांडी मी दोनदा धुवायचो.

मॅडमना एक औषध बनवायचं होतं. औषध म्हणजे पोटात घ्यायचं नाही, रक्ताचा गट ओळखायचा थेंब. बाईचं रक्त पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते त्याने कळतं. ती बाटली परदेशातून यायची आणि महाग असायची. मॅडमना ती इथंच काढायची होती. त्यासाठी त्यांना अशी एखादी निगेटिव्ह बाई हवी होती जिची पोटातली मुलं गेलीत. त्या हे खाली कुणाला तरी सांगत होत्या. मी फरशी पुसत होतो. मी म्हणालो, माझ्या घरी आहे की.

माझा स्वभावच असा. तोंडातून गेलं की गेलं.

आम्हाला पहिली लेक झाली, ती धडधाकट. पुढची तीन गेली. दोन जन्मल्यावर, पिवळी पडून. एक आधीच. आईने तेव्हा बायकोला काय काय ऐकवलं ते लिहीत नाही, आईही आता नाही. देव देव झाले, अंगारे झाले, पाथर्डीच्या एका बाबाने तिला चाळीस दिवस मीठ सोडायला लावलं. शेवटी आम्ही तो विषय सोडला.

मॅडम घरी आल्या. बायकोने त्यांना पोहे दिले आणि समोर बसली. मॅडमनी सांगितलं ते असं. काही माणसांच्या तांबड्या पेशींवर एक खूण असते. मामांच्या आहे, तुमच्या नाही. मुलांनी बापाची खूण घेतली. पहिल्या बाळंतपणात तुमच्या रक्ताला ती खूण दिसली आणि हे परकं आहे म्हणून त्याने तिच्याविरुद्ध हत्यार तयार केलं. पहिली लेक तेवढ्यात सुटली. पुढच्यांवर ते चाललं. त्या हत्याराला अँटिबॉडी म्हणतात, आणि तीच मला हवी आहे.

बायको मळेवाल्याची लेक. मखमलाबादकडं त्यांची फुलशेती, झेंडू-शेवंती. ऐकून घ्यायची सवय तिला नव्हती, पण त्या दिवशी तिने पूर्ण ऐकलं. मग माझ्याकडं वळली.

"म्हंजे खोट तुमच्याकडून आली."

मॅडम घाईघाईने म्हणाल्या, तसं नाही मामी, दोष कुणाचाच नसतो. बायको म्हणाली, तुम्ही पोहे खा. पंधरा वर्षं सगळ्या गावाने तो दोष तिच्या डोक्यावर ठेवला होता. त्या दिवशी तो तिने उतरवला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. मी नाही म्हटलं नाही. मी तरी कुठं ठेवणार होतो.

पुढचा भाग विषाणूचा. मॅडम म्हणाल्या, ही अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी अंगाबाहेर काढल्या की आठ-पंधरा दिवसांत मरतात. त्या मरू नयेत म्हणून त्यांच्यात एक विषाणू सोडायचा. हा विषाणू बहुतेक माणसांच्या अंगात लहानपणीच येऊन गुपचूप बसलेला असतो. आफ्रिकेतल्या पोरांच्या जबड्याच्या गाठीत तो पहिल्यांदा सापडला, म्हणून कॅन्सरवाले त्याच्या मागं लागले. पण त्याच्यात एक गुण आहे. तो असल्या पेशीत शिरला की ती मरायचं विसरते.

"आन् कॅन्सर त्यानंच होतो म्हणता?"

"आळ आहे त्याच्यावर."

"ज्याच्यावर खुनाचा आळ, त्यालाच राखणीला बसवता व्हय तुम्ही?"

मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, अगदी तेच करतो. बायकोला उत्तर पटलं. सरळ उत्तर दिलेलं तिला पटायचं. मग तिने विचारलं, विषाणू माझ्या अंगात सोडणार का? नाही, बाटलीत. बाटली कुणाच्या ताब्यात? मामांच्या. इथं तिने एकदा माझ्याकडं नीट बघितलं आणि मॅडमना अंगणात नेलं. तुळशीवर हात ठेवून बोलायला लावलं की मी ओता म्हणेन त्या दिवशी ओतून टाकाल. मॅडम एवढ्या शिकलेल्या, पण हात ठेवला आणि बोलल्या.

पहिल्यांदा रक्त घेतलं ते वाया गेलं. दुसऱ्यांदा पेशी वाढल्या, पण फुकट्या निघाल्या. खायच्या, प्यायच्या आणि काम करायच्या नाहीत. मॅडम म्हणाल्या, पुष्कळ पेशी असंच करतात, अमरत्व मिळालं की कामाला विसरतात. तिसऱ्या खेपेला प्लॅस्टिकच्या ताटलीतल्या एका खळग्यातल्या पेशी टिकल्या आणि कामालाही लागल्या. इकडं दीड वर्ष गेलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी मॅडमना संक्रांतीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर औषधाची बाटली निघाली नाही तर वरचा मजला ट्यूशनवाल्याला भाड्याने जाणार होता आणि मॅडम परत विदर्भात.

काम कसं चालायचं ते सांगतो. पेशी लाल पाण्यात राहतात. त्या पाण्यात सगळं जेवण असतं. जेवण संपत आलं की पाणी पिवळं पडतं. मग निम्मं काढायचं, निम्मं ताजं घालायचं. मॅडमनी मला हात धुण्यापासून सगळं शिकवलं. महिन्याभरात त्या बाजूला बसायच्या आणि मी घालायचो. घरी ती मला वाढायची, इथं मी तिला.

आणि पेशी काम करतायत का हे बघायला माझ्या बोटातलं रक्त घ्यायचे. काचेवर माझ्या रक्ताचा थेंब, त्यात बायकोच्या पेशींचं पाणी, वर दाणे धरायला मदत करणारा दुसरा एक थेंब, आणि काच हलवायची. रक्त दाणेदार झालं, रव्यासारखं, की समजायचं पेशींनी खूण ओळखली आणि पकडली. एकदाही चुकल्या नाहीत. मॅडम खूश व्हायच्या. मी म्हणायचो, यात काय नवल, लग्न झाल्यापासून असंच आहे.

आता माझी चूक.

दिवाळी आली. वसुबारस होती. बायको सकाळीच गवळ्याच्या गोठ्यात जाऊन गाय-वासराची पूजा करून आली. तिचा उपास. संध्याकाळी बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. त्या दिवशी ती दुधाला शिवायची नाही, दूध वासराचं म्हणून. मी दमून आलो आणि तिने पुढ्यात कोरा चहा ठेवला. कोरा चहा मला आवडत नाही. मी म्हणालो, तू इथं वासरासाठी दूध राखतेस, आणि तिकडं तुझ्या पेशी वासराचं रक्त पितात.

हे खरं होतं. त्या लाल पाण्यात दहा भागांना एक भाग वासराच्या रक्ताचं पाणी घालतात. जगभर तेच घालतात, त्याशिवाय पेशी धरत नाहीत. मला ते दोन वर्षं माहीत होतं. दोन वर्षं तोंड बंद ठेवलं आणि नेमकं वसुबारसेला उघडलं, तेही चहावरून.

ती म्हणाली, केवढं वासरू?

इथं मी खोटं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, पोटातलं.

ती उठली. चुलीपाशी गेली, भाकरी झाकली, दिवा बारीक केला. भांडली असती तर मला समजलं असतं. आमच्यात भांडण म्हणजे सगळं ठीक. त्या दिवशी ती जेवलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, त्या बाईला सांगा, ओता.

मी मॅडमना सांगितलं. मला वाटलं, समजूत घालतील, नाहीतर गुपचूप ठेवतील, कोण बघायला येतंय. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाल्या, शब्द दिलाय मामा. फक्त मामींना म्हणावं एकदा स्वतः बघून जा, मग ओतते.

बायको भाऊबीज उरकून आली. नवी साडी नेसून आली होती. बघायला जायचं म्हटल्यावर साडी नेसायचीच. मॅडमनी तिला भिंगापाशी बसवलं. डावा डोळा मिटायचा की उजवा यातच पाच मिनिटं गेली. मग तिने भिंगाला डोळा लावला. पुष्कळ वेळ डोळा काढलाच नाही. मी मागं उभा. मला तिची पाठच दिसत होती. मॅडमच्या हातात बाटली आणि बाजूला ओतायचं भांडं.

ती म्हणाली, "गोंड्यावानी दिसत्यात." गोंडा म्हणजे झेंडू. या पेशी एकट्या राहत नाहीत, झुपके करून राहतात. मग तिने विचारलं, या इतक्या फिकट का? मॅडम म्हणाल्या, कालचं जेवण दिलं नाही, तुमच्या परवानगीवाचून कसं द्यायचं.

"म्हंजे उपाशी हायत?"

"हो."

ती उठली. मॅडमकडं नाही, माझ्याकडं बघून म्हणाली, "दिवाळीत उपाशी ठेवलं तुम्ही?"

चार दिवसांपूर्वी हीच ओता म्हणत होती. मी तिला तसं सांगणार होतो, पण न सांगण्याइतकी अक्कल मला त्या क्षणी होती. मग तिने मॅडमना विचारलं, वासराचं नको, यांना दुसरं काय चालतं? भाताची पेज? दाळीचं पाणी? मॅडम म्हणाल्या, चालतं एकच, माणसाच्या रक्ताचं पाणी. पण ते कुणाचंही चालत नाही. एबी गटाचं लागतं, आणि तो गट दुर्मीळ. कुठून आणायचं, दर तीन महिन्यांनी बाटलीभर कोण देणार?

माझा गट एबी आहे. तिथं तिघांनाही ते माहीत होतं. दोघी माझ्याकडं बघायला लागल्या.

मला सुईची भीती वाटते. हसायचं असेल तर हसा. बोटाला टोचतात तेव्हासुद्धा मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचो. दुसऱ्यांच्या रक्ताच्या हजारो नळ्या धुतल्या, तेव्हा काही वाटलं नाही. स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला आणि मी खुर्चीवरून सरळ खाली. शुद्धीवर आलो तर बायको पदराने वारा घालत होती आणि मॅडमना सांगत होती, आता पडलेलाच हाय तर घ्या काढून.

काढलं. ते रक्त गोठू द्यायचं, वरचं गव्हाच्या काडीच्या रंगाचं पाणी काढायचं, अर्धा तास गरम पाण्यात ठेवायचं, गाळायचं. खालच्या मजल्यावर आठवडाभर एकच चेष्टा. सगळ्यांच्या बायका नवऱ्याचं रक्त पितात, मामांची तेवढी मोजून पिते.

बायकोची एक अट होती. माझ्या पेशी जे पिणार ते स्वच्छ पाहिजे, म्हणून तंबाखू बंद. मी म्हणालो, तंबाखू तोंडात असते, रक्तात नाही. तिने मॅडमना विचारलं. मॅडमना खोटं बोलता यायचं नाही, हा त्यांच्यातला एकच दुर्गुण. तिसाव्या वर्षापासूनची तंबाखू गेली. मळायला हात शिवशिवायचा. पुडीशिवाय चुन्याची डबी घेऊन मी हिंडायचो.

पेशी धरल्या. पहिले पंधरा दिवस सुस्त होत्या, मग वाढायला लागल्या. बायको दर शुक्रवारी यायची, भिंगातून बघायची आणि सासूने सुनेच्या स्वयंपाकाला म्हणावं तसं म्हणायची, बऱ्या हायत.

मार्गशीर्ष संपता संपता पाण्याचा रंग बिघडला. पिवळं पडायच्या जागी ते जांभळट गुलाबी झालं. गोंडे सुटले. पेशी मरायला लागल्या. संक्रांत तीन आठवड्यांवर. मॅडमचा चेहरा बघवत नव्हता. शुक्रवार होता, बायको आलेली. तिने भिंगातून बघितलं, मॅडमनी बघितलं, आणि कुणी काही विचारायच्या आत मी बोललो. म्हणालो, चार वेळा खाल्ली. फक्त चिमूटभर. पानटपरीमागं.

दोघी माझ्याकडं बघतच राहिल्या. त्यांनी तंबाखूचं नावही काढलं नव्हतं.

मॅडमनी पेशी ठेवायच्या उबदार पेटीचा काटा बघितला, नळकांड्याचा बघितला. नळकांडं रिकामं. पेशींच्या पेटीत एक गॅस लागतो. तो गेला की पाणी तसं गुलाबी होतं. तंबाखूचा काही संबंध नव्हता. नळकांडं बदलायचं काम माझं, आणि तंबाखू सुटल्यापासून मला दुपारी स्टुलावर अशी गुंगी यायची की काटा शून्यावर गेलेला दिसला नव्हता. म्हणजे तंबाखू खाल्ली म्हणून नाही, सोडली म्हणून पेशी मरत होत्या. हे मी बायकोला समजावून सांगायचा प्रयत्न केला. तो आयुष्यातला सर्वांत वाईट युक्तिवाद ठरला.

नवं नळकांडं मी सातपूरहून रिक्षात मांडीवर घेऊन आलो. मूठभर पेशी वाचल्या होत्या. मॅडमनी त्या एकट्या एकट्या वेगळ्या केल्या, मी वाढलं, आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर औषधाची पहिली बाटली गेली. त्यांनी स्वतः माझं बोट टोचून बघितलं. रवा. ट्यूशनवाला दुसरीकडं गेला.

पुढं बरीच वर्षं ती बाटली खाली तपासणीला वापरली. पेठ-सुरगाण्याकडून, नामपूरकडून बाया यायच्या. कुणी निगेटिव्ह निघाली की मॅडम तिला थांबवून घ्यायच्या. बाळंतपणानंतर वेळेत एक इंजेक्शन घेतलं की पुढचं मूल वाचतं, ते समजावून सांगायच्या. बायको कधीकधी बाकावर त्या बायांशेजारी जाऊन बसायची. आपण कोण, त्या बाटलीत काय आहे, काही सांगायची नाही. त्यांची पिशवी धरायची, गाव विचारायची.

मग मोठे डॉक्टर थकले, प्रयोगशाळा बंद झाली. पेशी गोठवून थंड नळकांड्यात ठेवल्या. मॅडमना दक्षिणेत मोठ्या संस्थेत नोकरी लागली. तिथं त्या पेशी न्यायच्या होत्या, वाढवायच्या होत्या. पण तिथं जेवण एकच, वासराचं. आणि माझं वय झालेलं, साखर निघालेली. माझं रक्त आता मलाच पुरत नव्हतं.

बायको तेव्हा आजारी होती. मूत्रपिंड गेलेलं. कॉटवर पडून असायची. मॅडम आल्या, तिच्या पायापाशी बसल्या आणि जसं आहे तसं सांगितलं. म्हणाल्या, मामी, तुम्ही ओता म्हणालात तर आज ओतते.

तिने उशीवरून मान मॅडमकडं वळवली. मग तिने विचारलं, इतक्या वर्षांत कुणाचं मूल वाचलं, त्यातलं एक तरी नक्की सांगता येईल का? मॅडम म्हणाल्या, नाही. कुणाचं वाचलं, कुणाचं एरवीही वाचलं असतं, ते नावानिशी मला सांगता येणार नाही. पुन्हा सरळ उत्तर.

"घेऊन जा," ती म्हणाली. "खाऊ द्या काय खायचं ते."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. बायको म्हणाली, रडू नका, अजून संपलं नाय. मग माझ्याकडं बोट केलं.

"वासरांचं पाप यांच्या नावावर. यांनी सांगितलंच नसतं तर मला कुठं कळत व्हतं?"

मी म्हणालो, हे बरंय, आधी मुलांचा दोष, आता वासरांचं पाप. ती म्हणाली, तुम्हाला झेपतं. आमच्या सगळ्या संसारात तिने माझ्याबद्दल काढलेला हा एकच चांगला शब्द. त्यानंतर दोन महिन्यांनी ती गेली.

देवाधर्माचं मला फार कळत नाही. पण ते पाप मी घेतलं आहे, आणि घेतलेली गोष्ट मी अर्धी टाकत नाही. दर महिन्याला लेकीच्या फोनवरून मॅडमना फोन लावतो. तब्येतीचं वगैरे त्या विचारतात. मी एकच विचारतो, वाढतंय का? त्या म्हणतात, वाढतंय मामा, या आठवड्यात एकीच्या चार बाटल्या केल्या.

लेक म्हणते, बाबा, एवढं पाप वाढतंय आणि तुम्ही हसता काय? तिला कसं सांगू. ते वाढायचं थांबलं तर मी काय करू?